नाव यादीत असूनही अर्ज बाद का होतो? संस्थेतील सभासदत्व, मताचा हक्क आणि पदाची पात्रता

मार्चअखेरीस हिशेब बंद झाले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील वाचनालये, शिक्षण मंडळे, महिला मंडळे आणि गावोगावचे साहित्य संघ यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस सुरू होतात. ज्या वर्षी कार्यकारिणीची मुदत संपते त्या वर्षी सभेच्या आधीपासूनच कुजबुज सुरू होते. अमक्याचे नाव मतदार यादीत नाही, तमक्याचा अर्ज छाननीत बाद झाला, आणि ज्याने उभी हयात संस्थेसाठी घालवली तो म्हणे सभासदच नाही. दोन्ही गट पत्रके काढतात, दोघेही नियमावर बोट ठेवतात, आणि वर्गणी भरून स्वस्थ बसलेल्या सामान्य सभासदाला नेमके कोण बरोबर आहे ते कळत नाही.

हा गोंधळ बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो. सभासद असणे, मत देता येणे आणि पदासाठी उभे राहता येणे हे तीन वेगवेगळे हक्क आहेत आणि प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे. ती कसोटी नियमावलीत आधी लिहून ठेवलेली असावी लागते. ऐन निवडणुकीत कार्यकारिणीला ती नव्याने ठरवता येत नाही. सीमाभागातील मराठी संस्थांच्या बाबतीत हे समजून घेणे मला विशेष गरजेचे वाटते, कारण आपल्याकडे एक वाचनालय किंवा एक शाळा वादात अडकली तर तिची जागा घेणारी दुसरी संस्था शेजारी तयार नसते.

कायदा कोणत्या राज्याचा?

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील जुन्या संस्थांची मूळ नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली झालेली आढळते. त्यानंतर तत्कालीन म्हैसूर राज्याने 1960 साली स्वतःचा कायदा केला, आणि आज कर्नाटकातील संस्थांना तोच लागू आहे. किमान सात जणांनी एकत्र यायचे, संस्थेचे उद्देश आणि नियमावली लिहून नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यायची, ही मूळ कल्पना दोन्ही कायद्यांत सारखीच आहे. या नियमावलीलाच आपण बोलताना संस्थेची ‘घटना’ म्हणतो आणि तिच्यातील एकेका कलमाला पोटनियम.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. मराठीत उपलब्ध असलेली मार्गदर्शक पुस्तके बहुधा महाराष्ट्रातील कायद्यावर आधारलेली असतात. तेथे नोंदणीकृत संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज दाखल करावा लागतो. ते वाचून आपल्याकडील मंडळीही धर्मादाय आयुक्तांची भाषा बोलू लागतात. कर्नाटकातील नोंदणीकृत संस्थेने मात्र वार्षिक सभेनंतर नव्या कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद जिल्हा नोंदणी अधिकाऱ्याकडे दाखल करायचा असतो. ही यादी वेळच्या वेळी गेलेली नसली की पुढे दोन गट आपापली कार्यकारिणी खरी म्हणून उभे राहतात आणि दोघांच्याही हातात सरकारी नोंदीचा कागद नसतो.

तीन पायऱ्या

खानापुराहून बेळगावच्या कॉलेजला रोज बसने येणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. कॉलेजच्या पटावर त्याचे नाव आहे, म्हणून त्याला बसचा पास काढता येतो. पासची मुदत संपली आणि त्याने नवा काढला नाही, तर त्या दिवशी त्याला पासवर बसमध्ये बसता येणार नाही, पण त्यामुळे त्याचे नाव कॉलेजच्या पटावरून जात नाही. पास चालू असला तरी त्याला चालकाच्या जागेवर बसता येत नाही, कारण त्यासाठी वेगळा परवाना लागतो. पटावरचे नाव म्हणजे सभासदत्व, चालू पास म्हणजे मताचा हक्क आणि चालकाचा परवाना म्हणजे पदाची पात्रता. संस्थांमधले निम्मे वाद या तिन्हींची सरमिसळ केल्यामुळे होतात.

सभासद नेमके कोणाला म्हणायचे?

1860 च्या कायद्याच्या पंधराव्या कलमात याचे उत्तर आहे. नियमाप्रमाणे ज्याला संस्थेत प्रवेश दिला गेला, ज्याने वर्गणी भरली किंवा सभासदांच्या यादीवर सही केली, आणि ज्याने नियमाप्रमाणे राजीनामा दिलेला नाही, तो सभासद. कर्नाटकच्या कायद्यातील व्याख्याही याच वळणाची आहे. यातील ‘नियमाप्रमाणे प्रवेश’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसते पैसे भरून कोणी सभासद होत नाही. बहुतेक घटनांमध्ये विहित नमुन्यात अर्ज, एक सूचक, एक अनुमोदक आणि कार्यकारिणीची मंजुरी असा क्रम दिलेला असतो, आणि तो पूर्ण झाल्याशिवाय सभासदत्व सुरू होत नाही.

प्रत्यक्षात हा प्रश्न एका पावतीपुरता येऊन थांबतो. समजा, छाननीच्या टेबलावर एका उमेदवाराचा अर्ज आला आहे. त्याने दहा वर्षांपूर्वी भरलेल्या एक हजार रुपयांची पावती जपून ठेवली आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत, खजिनदाराची सही स्पष्ट आहे. पण पावतीवर ‘आजीव सभासद वर्गणी’ असे न लिहिता ‘इमारत निधीस देणगी’ असे लिहिले आहे. सभासद नोंदवहीत त्याचे नाव नाही, आणि त्या महिन्याच्या कार्यकारिणीच्या इतिवृत्तात त्याचा अर्ज मंजूर केल्याची नोंद नाही. तो माणूस खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच वाटते की आपण सभासद आहोत, आणि दहा वर्षे संस्थेनेही त्याला प्रत्येक कार्यक्रमाचे निमंत्रण पाठवले आहे. तरीही कागदावर तो देणगीदार ठरतो. उलट इतिवृत्तात मंजुरीची नोंद असेल आणि केवळ नोंदवहीत नाव उतरवायचे राहून गेले असेल, तर ती चूक संस्थेच्या दप्तराची आहे आणि तिची शिक्षा सभासदाला देणे अन्यायाचे होईल. म्हणून पावती, नोंदवही आणि इतिवृत्त हे तिन्ही कागद शेजारी ठेवूनच निर्णय करावा, एकट्या पावतीवर किंवा एकट्या यादीवर करू नये.

याच अनुषंगाने वारसांविषयीही सांगायला हवे. वडील आजीव सभासद होते म्हणून त्यांच्या पश्चात मुलगा सभेला येऊन बसतो, हात वर करतो, आणि कोणी संकोचाने काही बोलत नाही. संस्थेचे सभासदत्व व्यक्तिगत असते. नियमावलीत स्पष्ट तरतूद नसेल तर ते वारसाने येत नाही, आणि मुलाने स्वतंत्र अर्ज करणे हेच योग्य.

वर्गणी थकली म्हणजे सभासदत्व गेले का?

गेलेच असे नाही. वर उल्लेखिलेल्या पंधराव्या कलमातच पुढे म्हटले आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली आहे, त्याला त्या कायद्याखालील कामकाजात मत देता येणार नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजले जाणार नाही. म्हणजे तेवढ्या काळापुरता त्याचा हक्क थांबतो. सभासदत्व कायमचे रद्द होण्यासाठी संस्थेच्या नियमावलीत तसे म्हटलेले असावे लागते, आणि नोटीस देण्याची अट असेल तर ती नोटीस खरोखर दिलेली असावी लागते.

‘मोजले जाणार नाही’ या शब्दांना व्यवहारात मोठे वजन आहे. सभेची गणपूर्ती, म्हणजे सभा वैध होण्यासाठी लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदसंख्येच्या प्रमाणात ठरवलेली असेल, तर थकबाकीदार वगळून ती काढावी लागते. पाचशे सभासदांपैकी दोनशे थकबाकीदार असतील आणि गणपूर्ती एक पंचमांश असेल, तर शंभरऐवजी साठ जणांची हजेरी पुरते. सभा वैध की अवैध हा वाद कित्येकदा या एका हिशेबावर सुटतो.

थकबाकी कोणत्या दिवशी पाहायची? नियमावलीत दिवस ठरलेला असेल तर त्या दिवशी, आणि ठरलेला नसेल तर निवडणूक जाहीर करतानाच तो जाहीर करावा. आपल्या गटाच्या लोकांची वर्गणी आदल्या रात्रीपर्यंत घ्यायची आणि दुसऱ्यांना आठवडाभर आधी ‘मुदत संपली’ म्हणून परत पाठवायचे, हा प्रकार जेथे घडतो तेथे निवडणुकीवरचा विश्वास संपतो. वर्गणी घेण्यास नकार मिळालेल्या सभासदाने रक्कम मनीऑर्डरने किंवा बँकेमार्फत पाठवून पुरावा ठेवावा. संस्थेनेच पैसे नाकारले असतील तर थकबाकीचा ठपका सभासदावर टिकणे कठीण असते.

पदाची पात्रता

मताचा हक्क असलेला प्रत्येक जण पदासाठी पात्र असतोच असे नाही. किती वर्षांचे सलग सभासदत्व हवे, आजीव सभासदच अध्यक्ष होऊ शकतो का, सन्माननीय सभासद किंवा आश्रयदाते यांना उभे राहता येते का, लागोपाठ किती वेळा एकच पद घेता येते, हे सर्व नियमावली ठरवते. संस्थेच्या पगारी नोकराने कार्यकारिणीत येऊ नये, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते आणि ती योग्यच आहे. ज्या समितीने ग्रंथपालाचे वेतन ठरवायचे तिच्यातच ग्रंथपालाने बसणे बरे नव्हे. ज्याच्याकडून संस्थेचे पैसे येणे आहेत असा किंवा संस्थेशी पैशाच्या व्यवहाराचा करार असलेला सभासदही अनेक घटनांमध्ये अपात्र धरला जातो.

जी अट नियमावलीत नाही ती मात्र छाननीच्या वेळी लावता येत नाही. उमेदवार ‘सक्रिय’ नाही, त्याने संस्थेवर टीका केली, तो दुसऱ्या गटाच्या व्यासपीठावर दिसला, ही कारणे मतदारांनी मत देताना विचारात घ्यायची आहेत. त्यांच्या आधारे निवडणूक अधिकाऱ्याला अर्ज बाद करता येत नाही. नियमावली बदलायची असेल तर सर्वसाधारण सभेत दुरुस्ती मंजूर करून ती नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवून घ्यावी लागते. कार्यकारिणीच्या ठरावाने पोटनियम बदलत नाहीत. सभासदांच्या सोयीसाठी छापलेली मराठी पुस्तिका आणि नोंदणी कार्यालयात असलेली प्रत यांत फरक पडला तर नोंदवलेली प्रत ग्राह्य धरावी लागते, म्हणून तिची प्रमाणित नक्कल संस्थेच्या कपाटात असलीच पाहिजे.

‘आम्ही बहुमताने काढून टाकले, मग अडचण काय?’

या आक्षेपाचे उत्तर देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बेळगावच्याच एका संस्थेच्या प्रकरणात झालेला आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. बेळगावातील लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन मंडळाने (फ्रीमेसन ही बंधुभावाच्या तत्त्वावर चालणारी जुनी खासगी संघटना) एका सभासदाला काढून टाकले. तो न्यायालयात गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. 10 डिसेंबर 1962 रोजी दिलेला तो निकाल आजही देशभरातील क्लब आणि संस्थांच्या वादांत आधार म्हणून पुढे केला जातो.

न्यायालयाने सांगितले ते थोडक्यात असे. सभासदाला काढण्याचा संस्थेचा अधिकार हा ज्या कराराने तो सभासद झाला त्या करारातून येतो, आणि तो करार म्हणजे संस्थेचे नियम. नियमांत काढून टाकण्याची तरतूद असेल तर नियमांत सांगितलेल्या पद्धतीनेच काढता येते. दिवाणी न्यायालय संस्थेच्या निर्णयावर अपील ऐकल्यासारखे बसणार नाही. मात्र संस्थेने अधिकाराबाहेर जाऊन, किंवा प्रामाणिक हेतूने न वागता, किंवा नैसर्गिक न्यायाची तत्त्वे मोडून निर्णय केला असेल तर तो रद्द करता येईल. नैसर्गिक न्याय म्हणजे आरोप काय आहे ते आधी कळवणे, उत्तर देण्याची खरी संधी देणे आणि मन मोकळे ठेवून निर्णय करणे. त्या प्रकरणात सभासदाचे अपील फेटाळले गेले, हेही येथे नमूद करायला हवे. संस्थेने नियम पाळले असतील तर न्यायालय तिच्या निर्णयात ढवळाढवळ करत नाही. बहुमत असले तरी कारणे दाखवा नोटीस न देता, ‘ऐन वेळच्या विषयात’ मांडलेल्या ठरावाने कोणाला काढले असेल, तर तो निर्णय या कसोटीवर उतरणे अवघड आहे.

‘संस्था सार्वजनिक आहे, मला सभासद करून घेतलेच पाहिजे’

राज्यघटनेच्या 19(1)(क) कलमाने नागरिकांना संघटना स्थापन करण्याचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्यांनी स्थापन केलेल्या संघटनेत शिरण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. हिंदी साहित्य संमेलन या संस्थेविषयी संसदेने 1962 साली केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये रद्द ठरवला, तो याच तत्त्वावर. ज्यांनी स्वेच्छेने एकत्र येऊन संस्था काढली त्यांच्यावर बाहेरचे सभासद कायद्याने लादले, तर संघटना करण्याच्या मूळ हक्कालाच धक्का लागतो, असे न्यायालयाने म्हटले. असे असले तरी नवे सभासद घेणे वर्षानुवर्षे बंद ठेवणाऱ्या कार्यकारिणीने त्या निकालाचा आडोसा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कायदा तुम्हाला नकार देऊ देतो. पण तरुणांचे अर्ज कपाटात पडून राहिले तर पुढच्या पिढीत पदासाठी पात्र माणूसच उरणार नाही, आणि मराठी वाचक घडवण्याचे काम करणाऱ्या संस्थेला हे परवडणारे नाही.

‘मी आता पुण्यात असतो’, ‘मी चंदगडचा आहे’

खानापूर तालुक्यातील कितीतरी मंडळी नोकरीसाठी गोव्यात किंवा पुण्यात स्थायिक झाली आहेत, तर बेळगावच्या संस्थांचे काही जुने सभासद राज्याच्या सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लज भागात राहतात. संस्थेला कर्नाटकचा कायदा लागू होतो तो तिचे नोंदणीकृत कार्यालय येथे आहे म्हणून. सभासदाचे घर कोठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. वास्तव्याची अट नियमावलीत असेल तरच ती लागू होईल. एखाद्या संस्थेला कार्यवाह गावातच राहणारा हवा असेल तर तशी अट घालणे गैर नाही, पण ती सर्वांना सारखी लावावी.

‘क्रिकेट मंडळात सत्तर वर्षांची मर्यादा आहे, मग आमच्याकडे का नाही?’

कारण ती मर्यादा लोढा समितीच्या शिफारशींवरून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या प्रकरणात मान्य केली. तो निकाल क्रिकेट संघटनांपुरता आहे. गावच्या वाचनालयाला वयाची अट हवी असेल तर त्याने ती आपल्या घटनेत घालावी.

पतसंस्थांचे नियमही येथे आणू नयेत. सहकारी संस्था वेगळ्या कायद्यांखाली चालतात. तेथे सभांना किमान हजेरी आणि संस्थेच्या सेवांचा किमान वापर अशा अटी कायद्यानेच घालता येतात, आणि त्या न पाळणाऱ्या सभासदाचे नाव मतदार यादीतून गळू शकते. एकच माणूस पतसंस्थेत अपात्र आणि वाचनालयात पात्र असू शकतो, यात विसंगती काहीच नाही.

हरकत केव्हा आणि कोठे घ्यावी?

यादी कच्ची असतानाच घ्यावी. 2001 साली महाराष्ट्रातील एका सहकारी दूध उत्पादक संस्थेच्या निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मतदार यादी तयार करणे हा निवडणूक प्रक्रियेचाच टप्पा आहे, आणि प्रक्रिया सुरू झाल्यावर उच्च न्यायालयाने ती मध्येच थांबवणे योग्य नाही. तो निकाल सहकारी संस्थेचा असला तरी त्यातून घेण्यासारखे आहे ते हे की यादी लागली त्या दिवशी जाऊन आपले नाव पाहावे, नसेल तर लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. मतमोजणीनंतर यादीतील चुका आठवणाऱ्याचे म्हणणे दुबळे पडते.

संस्थेच्या कारभाराबद्दल गंभीर तक्रार असेल तर कर्नाटकच्या कायद्याच्या 25 व्या कलमाखाली किमान एक तृतीयांश सभासद किंवा कार्यकारिणीचे बहुसंख्य सदस्य नोंदणी अधिकाऱ्याकडे चौकशीचा अर्ज करू शकतात. अधिकाऱ्याला स्वतःहूनही चौकशी करता येते. दोन गटांपैकी कायदेशीर कार्यकारिणी कोणती, हा हक्काचा वाद मात्र अखेर दिवाणी न्यायालयात जातो आणि तेथे वर्षे लागतात. त्याच कायद्याच्या 27-अ कलमाने राज्य सरकारला संस्थेवर प्रशासक नेमण्याचाही अधिकार दिला आहे. दोन गटांच्या भांडणात निवडणूकच होऊ शकली नाही, तर कारभार ज्या सभासदांसाठी दोघे भांडत होते त्यांच्याच हातून जातो. पदासाठी हट्ट धरण्यापूर्वी सीमाभागातील प्रत्येक कार्यकर्त्याने हा धोका मनात आणावा, असे मला कळकळीने वाटते.

‘आमच्या मंडळाची नोंदणीच नाही’

गल्लोगल्लीची गणेशोत्सव मंडळे, शिवजयंतीचे चित्ररथ काढणारी मंडळे, भजनी मंडळे यांतील पुष्कळशी नोंदणीकृत नसतात. अशा मंडळाला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही. काही जणांना सर्वांच्या वतीने न्यायालयाची परवानगी घेऊन पुढे व्हावे लागते. पण सभासद आपसांत जे नियम मान्य करतात तो त्यांच्यातील करारच असतो. दोन पानी का होईना, लेखी नियम, सभासदांच्या सह्यांची वही आणि वर्गणीच्या पावत्या असतील तर बराच वाद टळतो.

‘माणूस लायक आहे, केवळ नियमात बसत नाही’

हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक असतो आणि त्याचे उत्तर देणे सर्वांत जड जाते. तीन वर्षांच्या सलग सभासदत्वाची अट आहे आणि उत्साही, अभ्यासू उमेदवाराला दोन वर्षे दहा महिने झाले आहेत. सर्वांनाच तो हवा आहे. तरीही त्याचा अर्ज स्वीकारू नये, कारण आज मायेपोटी सोडलेली अट उद्या दुसऱ्याला अडवण्यासाठी वापरता येत नाही आणि हरलेल्या उमेदवाराला न्यायालयात जाण्यासाठी आयते कारण मिळते. त्याला नियमाने परवानगी असेल तर निमंत्रित सदस्य म्हणून घ्यावे, उपसमितीचे काम द्यावे. अटच जाचक वाटत असेल तर निवडणूक संपल्यावर, पुढच्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेपुढे रीतसर सूचनापत्रासह दुरुस्ती ठेवावी, आणि ती मंजूर होऊन नोंदवली गेल्यानंतरच्या निवडणुकीपासून सर्वांना लागू करावी.